नवांचा ताळा

दुपारी सव्वातीनला फोरमनने तिच्या टेबलावर एक प्रूफ आणून ठेवलं आणि म्हणाला, "भिंगबाई, एवढं डोळ्यांखालून घाला. शाळेची पाटी आहे, मागे कोरायला द्यायचीय. चारच ओळी आहेत, चहा गार व्हायच्या आत होईल." चारच ओळी होत्या खऱ्या. पहिलीत 'गणित कक्ष'. दुसरीत एकटीच एक संख्या, चांगल्या ठसठशीत अंकांत: १४१०१९७३. तिसरीत 'ही मूळ संख्या आहे', आणि चौथीत 'आमच्या सरांनी ती एकेक भागाकार करून सिद्ध केली'. खाली कोपऱ्यात चौकट, चौकटीत छापलेला शब्द 'पाहिले', आणि त्यापुढे तिच्या सहीला जागा. छापखान्यात तिची अशी सही झाल्याशिवाय साधी चिठ्ठीही यंत्रावर चढत नसे. चौतीस वर्षं ती तिथे आकडे वाचत होती. गाड्यांची वेळापत्रकं, लॉगॅरिथमची कोष्टकं, टेलिफोनच्या जाड याद्या, जिथे अक्षरांपेक्षा आकडे जास्त ते सगळं तिच्याकडे यायचं, कारण अक्षर चुकलं तर वाचणारा समजून घेतो, आकडा चुकला तर तो आपला बिचारा चुकलेल्या गाडीची वाट बघत बसतो. तिच्या हातून चूक सुटली असं छापखान्यात कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी विश्वास ठेवला नसता. तिने पेन्सिल उचलली, अंक एकेक करून टिपले, सगळे बरोबर होते. सही करायला हात खाली गेला आणि तिथेच थांबला. मग तिने प्रूफ पालथं घातलं, मागच्या कोऱ्या बाजूला ती संख्या लिहिली, आणि तिला एक हजार तेराने भागायला घेतलं.

मोबाईल पर्समध्येच होता, त्याने हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं असतं. पण सत्तेचाळीस वर्षं जे काम केलं नाही ते निदान हाताने करावं असं तिला वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं, हातच पुढे गेला असावा. चौदाशे दहात एक हजार तेरा एकदा, उरले तीनशे सत्त्याण्णव. एक उतरवला: तीनदा. नऊ उतरवला: नऊदा. सात उतरवला: दोनदा, उरले एकशे एक. शेवटचा तीन उरला होता. तो तिने एकशे एकच्या शेजारी उतरवला आणि खाली भाजकच येऊन उभा राहिला, एक हजार तेरा, जसाच्या तसा. बाकी शून्य. तिने टेबलाची कड धरली. समोर फोरमन कुणाला तरी शाई कमी टाकली म्हणून झापत होता, यंत्रं चालू होती, जमीन नेहमीसारखी पायाखाली थरथरत होती, आणि तिला वाटलं, हे सगळं अजून चालूच कसं.

त्या संख्येला घरात 'आपली संख्या' म्हणत. ती मुळात संख्या नव्हतीच, तारीख होती. चौदा, दहा, एकोणीसशे त्र्याहत्तर. त्या रविवारी आई गेली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि दादा बारा. बाबा शाळेत गणित शिकवायचे, त्या दिवशी ते सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. आईने आतून दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "एवढा गठ्ठा होऊ दे." गठ्ठा झाला तेव्हा डॉक्टरला बोलावण्यात अर्थ उरला नव्हता. हे कुणी कुणाला सांगितलं नाही, घर दोनच खोल्यांचं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे कितीतरी महिने बाबा शाळेतून आले की जेवायच्या टेबलापाशी नुसते बसून राहायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी पाटीवर ती तारीख लिहिली, मधल्या रेघा न देता, आणि बराच वेळ बघत राहिले. "रेघा काढून टाकल्या की तारीख राहत नाही," ते म्हणाले, "संख्या होते." दोनाने भाग जात नव्हता. तीनने दोन उरत होते, सातने चार, अकराने सहा, तेराने दोन. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मुलांना ते हसणंच वाटलं, इतक्या दिवसांत ते दिसलं नव्हतं. "हिचे अवयव पडत नाहीत," ते म्हणाले. "जिचे अवयव पडत नाहीत ती कशाचीही बनलेली नसते. तिला कारण नसतं. ती नुसती असते." नऊ-दहा वर्षांच्या मुलीला अवयव म्हणजे हात, पाय, फुप्फुस, काळीज, जीवशास्त्राच्या तक्त्यावर लाल-निळे रंगवलेले. आईला आता अवयव नाहीत, असा तिने त्याचा अर्थ लावला होता आणि त्यावर अंथरुणात पडून रडली होती. बाबांना काय म्हणायचं होतं ते कळायला तिला पुढे बरीच वर्षं लागली. त्या दिवसाला उशीर, गठ्ठा, हाक, असे तुकडे नव्हते, एवढंच त्यांना कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. कुणी देणार नव्हतं, म्हणून ते स्वतःच सिद्ध करणार होते.

आपली संख्या मूळ आहे हे सिद्ध करायला तिला तीन हजार सातशे पंचावन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्यापुढे जायची गरज नसते, पुढचा भाजक असेल तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडलेला असतो. असे भाजक पाचशे बावीस. बाबांनी ते तिघांत वाटले. पाचशेपर्यंतचे पंचाण्णव त्यांचे, शाळा सांभाळून. पाचशे ते दोन हजारांमधले दोनशे आठ धाकटीचे. वरचे दोनशे एकोणीस दादाचे, कारण तो मोठा. रोज प्रत्येकी पाच. वहीत चार रकाने: भाजक, भागाकार, बाकी, ताळा. बाबांना प्रत्येक भागाकार पुन्हा करून बघणं शक्य नव्हतं, ते नवांचा ताळा बघायचे. एखाद्या संख्येतले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. भाजकाचा असा अंक गुणिले भागाकाराचा, अधिक बाकीचा, हे जिला भागलं त्या संख्येच्या अंकाशी जुळलं पाहिजे. आपल्या संख्येचा आठ यायचा. आठ आला की बाबा लाल पेन्सिलने बारीकशी खूण करायचे आणि पान उलटायचे. संध्याकाळी दिव्याखाली तिघं बसलेली, तीन पेन्सिली चालतायत, कुणी बोलत नाही. तिला ते आवडायचं हे तिने नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. आई गेल्यानंतर घर पहिल्यांदा घरासारखं वाटलं होतं, आणि कशामुळे, तर आई गेली त्याच तारखेमुळे.

पंधराव्या दिवशी तिच्या वाट्याला आले नऊशे त्र्याऐंशी, नऊशे एक्क्याण्णव, नऊशे सत्त्याण्णव, एक हजार नऊ आणि एक हजार तेरा. चार तिने केले. खाली गल्लीत मुली दोरीवर उड्या मारत होत्या, मोजत होत्या मोठ्याने, बावन्न, त्रेपन्न, कुणाचा तरी विक्रम होणार होता, आणि तिची पाळी पुढची होती. पाचवा भाजक राहिला होता. एक हजार नऊचा भागाकार तेरा हजार नऊशे शहात्तर आला होता, म्हणजे याचा थोडा कमी येणार एवढं तिला कळत होतं. तिने लिहिलं, तेरा हजार नऊशे अठरा. त्याचा अंक चार. भाजकाचा पाच. पाच चोक वीस, म्हणजे दोन. आठ व्हायला सहा हवेत. बाकीच्या रकान्यात तिने लिहिलं सहाशे सत्तावीस, ज्याचा अंक सहा येतो. एवढी अक्कल पणाला लावायची, तर तेवढ्या वेळात भागाकारच झाला असता. पण मुलांचं तसंच असतं, काम टाळायला ती कामापेक्षा जास्त राबतात. ताळा जुळला. बाबांनी लाल खूण केली. ती खाली पळाली आणि अठ्ठावीस उड्यांत दोरीत पाय अडकून पडली. दोनशे आठांत तेवढा एकच तिने खोटा लिहिला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळे खरे, अगदी देवाशपथ. जिथे हात लावला तिथे बाकी उरली, आणि जिथे लावला नाही नेमका तिथेच भाग जात होता.

त्याच महिन्यात दादाच्या वहीत एका ठिकाणी आठच्या जागी सात आला. दादाने भागाकार खराच केला होता, फक्त एक हातचा विसरला होता. कुणीही विसरतं. बाबांनी वही मिटली, उठले आणि त्याच्या मुस्काटात मारली. बाबा मारणारे नव्हते, त्यांनी त्याआधी कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही. "आईच्या दिवसातसुद्धा लबाडी?" ते म्हणाले. दादा गालावर हात धरून तिच्याकडे बघत होता, ती आपल्या वहीकडे. तोंड उघडायचं ते तेव्हा, हे तिला त्या वयातही कळलं होतं. ती मूग गिळून बसली. मग बाबांनी दादाचे सगळेच्या सगळे दोनशे एकोणीस स्वतः पुन्हा केले, रात्ररात्र बसून, आणि तिच्यातला एकही नाही. "हिचं बघायला नको," ते म्हणायचे, "हिचा ताळा जुळतो." अखेर संख्या सिद्ध झाली. बाबांनी ती दर वर्षी शेवटच्या तासाला फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि पोरं भारावून वहीत उतरवून घ्यायची. दादाने गणित सोडलं, मग शाळा सोडली, सतराव्या वर्षी एका मालट्रकवर चढला तो अजून उतरलेला नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा, दारात उभ्याउभ्या बोलायचा. बाबा त्याच्याबद्दल कुणाला सांगताना म्हणत, "मुलगा वाईट नाही हो, पण त्याचा ताळा कधी जुळला नाही." ते हसत म्हणत, ऐकणारेही हसत. ती चहा आणायला आत जायची.

ती नेहमी स्वतःला सांगत आली होती की काय फरक पडतो, हजार तेरांत एकदा. बाकी शून्य येण्याची शक्यता तेवढीच. टेलिफोनच्या यादीत तेवढ्या नावांत एखादं चुकलं तर कुणाला कळतं? पण भागून बघायचं म्हटलं की ती पेन्सिल खाली ठेवायची, आणि न बघितलेली गोष्ट मनात कुजत राहते तशी ती राहिली. लग्नाचं कुणी काही विचारलं तर "बाबांना एकटं कसं सोडू" हे उत्तर तयार असायचं आणि ते खोटंही नव्हतं. छापखान्यात मात्र ती दुसऱ्यांचे आकडे असे तपासायची की जणू प्रत्येक पानावर कुणीतरी दहा वर्षांची लबाड पोर लपून बसली आहे.

तिने प्रूफ पर्समध्ये घातलं, फोरमनला म्हणाली, "पाटी आज देऊ नका कोरायला." "का हो, चूक निघाली?" "निघाली." "बघा, म्हटलं ना, तुमच्या तावडीतून काय सुटत नाही," फोरमन खूश होऊन म्हणाला. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून तिने दादाला फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज येत होता. "बोल चिमे," तो म्हणाला, "म्हातारा बरा आहे ना?" बरा आहे, ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगितलं, दोरीवरच्या उड्यांपासून ते शेवटच्या तीनपर्यंत. "हं," मग दादा म्हणाला. "म्हणजे लबाड तू होतीस." "हो." "आणि मार मी खाल्ला." "हो, दादा." तो थोडा हसला, पण ते हसणं कुठेच पोचलं नाही. "अगं, एकसष्ट वर्षांचा झालो मी. पोरांना पोरं झाली. आता काय त्याचं." मग ट्रकचं दार लागल्याचा आवाज आला, आणि त्याचा आवाज एकदम जवळ आला. "पण सांग त्यांना. ते जायच्या आधी सांग. मला बाकी काही नको." त्याने आयुष्यात तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत गेली. सांगितलं तर एकोणनव्वद वर्षांच्या माणसाच्या हातात उरलेली एकुलती एक गोष्ट काढून घ्यायची. आणि ती कुठली, तर जिच्या आधारावर ते इतकी वर्षं रात्री झोपू शकले ती. नाही सांगितलं तर दादा लबाडच मरणार, निदान बाबांच्या लेखी, आणि दादाला दुसऱ्या कुणाच्या लेखी काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. दुकानांच्या पाट्यांवरचे, घरांच्या फाटकांवरचे, गाड्यांच्या मागचे आकडे तिच्या डोळ्यांसमोरून जात होते आणि सवयीने ती त्यांचे अंक मिळवत होती. सात. तीन. आठ. पुन्हा आठ. भित्री आहेस तू, ती मनाशी म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

बाबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. दिवसभर त्यांच्याजवळ बसणाऱ्या शेजारच्या वहिनी तिला बघून उठल्या, "आज जेवण बरं गेलं हो," म्हणाल्या आणि गेल्या. मोतीबिंदूने बाबांना आता अक्षर दिसत नव्हतं, माणूस आकारावरून कळायचा. पण डोकं शाबूत होतं, अजून तोंडी वर्गमुळं काढून दाखवायचे. ती त्यांच्या पायांशी स्टुलावर बसली. "पाटी आली होती आज," ती म्हणाली. "शाळेची." "अंक बरोबर आहेत ना?" "अंक बरोबर आहेत." मग तिने श्वास घेतला. "बाबा, तिला एक हजार तेराने भाग जातो."

"कुणाला?"

"आपल्या संख्येला."

बाबांनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सांग." ती सांगत गेली, चौदाशे दहात एकदा, उरले तीनशे सत्त्याण्णव. त्यांचे ओठ बरोबरीने हलत होते. खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट लिहीत होतं. एकशे एकला ती थांबली. "शेवटचा तीन," बाबा स्वतःच म्हणाले, आणि बोट थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. "एक हजार तेरा," ते हळू म्हणाले. "म्हणजे होते तर. अवयव होते." त्यांचा चेहरा तिच्यासमोर म्हातारा होत गेला, होता त्याहून. "दोनदा हाक मारली तिने," ते म्हणाले. "मी पेपर तपासत होतो. सदतीस पेपर राहिले होते." ती त्यांचा गुडघा धरून बसली. तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, पण तोंडाने ते आज पहिल्यांदाच बोलले होते. मग ते ताठ बसले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हा कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"नाही. दादाकडे असणार."

"बाबा, पाचशे ते दोन हजार माझे होते. मी तो केलाच नाही. खेळायला जायचं होतं म्हणून खोटा लिहिला. ताळा जुळवून लिहिला."

"तुझं असं होत नाही," बाबा म्हणाले, समजावल्यासारखे. "मी बघायचो ना. तुझा ताळा जुळायचा."

"म्हणूनच तर सांगतेय. जुळवला होता! आणि दादाचे तर तुम्ही सगळे परत केले होते, एकूण एक. त्याच्यात चूक राहणार कशी?"

"मग करताना माझ्याकडूनच राहिला असेल एखादा. किती होते, दोनशेच्या वर." त्यांचा हात चाचपडत आला आणि तिच्या डोक्यावर थांबला. "तू त्याला पाठीशी घालतेस. लहानपणापासून घालतेस, मला कळत नाही का?"

तिने त्याला आयुष्यात एकदाही पाठीशी घातलं नव्हतं. ते वाक्य तिला मारासारखं लागलं. तिला ओरडायचं होतं, पण तो हात तिने डोक्यावर तसाच राहू दिला. "कागद घे," बाबा म्हणाले. "शाळेला कळवलं पाहिजे. भिंतीवर खोटं नको." ते सांगत गेले, ती लिहीत गेली. संख्या मूळ नाही, तिचे दोन अवयव आहेत, एक हजार तेरा आणि तेरा हजार नऊशे एकवीस. मी इतकी वर्षं चुकीचं सांगितलं याबद्दल सर्व विद्यार्थ्यांची माफी मागतो. "पुढे लिही," बाबा म्हणाले, "त्या वेळी लहान होता, मुलाकडून भागाकारात चूक झाली." तिने लिहिलं. "वाच आता."

तिने वाचलं, आणि शेवटच्या ओळीला आवाज न हलू देता, जे लिहिलं होतं तेच वाचलं: "त्या वेळी लहान होती, मुलीकडून भागाकारात चूक झाली."

"मुलाकडून," बाबा म्हणाले. "'ली' नाही, 'ला'. छापखान्यातही असंच वाचतेस का?" आणि ते चक्क हसले. त्यांनी पेन मागितलं, तिने त्यांचं बोट कागदाच्या खालच्या कडेशी नेऊन ठेवलं, आणि त्यांनी न दिसणाऱ्या त्या ओळीखाली वेडीवाकडी सही केली. मग दमून मागे टेकले. "त्याला यातलं काही कळवू नकोस हं," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांनी उगाच मनाला लावून घेईल. मी त्याला माफ केलंय. आत्ताच केलं."

"माझा होता, बाबा," ती म्हणाली.

"हो, हो," बाबा म्हणाले आणि तिचा हात थोपटत राहिले, लहान मुलाला झोपवताना थोपटतात तसे, त्यांचा स्वतःचा डोळा लागेपर्यंत.